खेड्यातील विद्यार्थ्यांस पुणे कसे दाखवावे
(केंद्र-संमेलनातील भाषण)



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरू लागल्या की प्राथमिक शाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. हवा थंड असते, रानात ज्वारी पोटरीस येत असते, आणि एस.टी.ची गाडी ठरवून पुण्यास जाऊन येणे हा तर अनेक शाळांचा परिपाठच होऊन बसला आहे. एका दिवसात शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचे प्राणिसंग्रहालय आणि तुळशीबाग इतके उरकले जाते. रात्री उशिरा मुले गावी परततात. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘पुण्यास काय पाहिले?’ असे विचारले असता ती गर्दीचे, उंच इमारतींचे आणि वाघाचे वर्णन करतात. यात मुलांचा दोष नाही. त्यांस जे दाखवले तेच त्यांनी पाहिले.

परंतु अशा सहलीतून आणखी एक गोष्ट मुले न सांगता घेऊन येतात, आणि तिच्याकडे शिक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. शहर मोठे, आपले गाव लहान; तेथील माणसे शहाणी, आपली अडाणी; तेथील शाळा खऱ्या, आपली कशीबशी चाललेली; असा एक समज त्यांच्या मनात घर करून बसतो. सातवीतून पुढे जाणाऱ्या हुशार मुलाच्या मनात तो विशेष खोल रुजतो. वस्तुतः पुण्याची शिक्षणाविषयीची जी कीर्ती आहे, ती उभी करणाऱ्यांपैकी कितीतरी माणसे खेड्यांतून आलेली होती, काही तर पायी चालून आलेली होती. आणि खेड्यात प्राथमिक शाळा असली पाहिजे ही मागणी ज्यांनी प्रथम जोराने मांडली, त्यांतील अग्रणी याच शहरात राहत होते. पुणे दाखवायचे ते या ओळखीने दाखवावे. म्हणजे मूल तेथे परक्यासारखे फिरणार नाही.

याची तयारी गावातच करावयाची आहे, व तिला दोन तासिका पुरेत. अनेक गावांतून आषाढीला दिंडी जाते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात उतरते, आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. गावातील एखादे वारकरी आजोबा किंवा आजी यांस वर्गात बोलवावे आणि पुण्याचा मुक्काम कसा असतो, पाणी कोण देते, जेवण कोण घालते, निजावयास कोठे मिळते, हे त्यांच्याच तोंडून मुलांस ऐकवावे. पुण्याशी गावाचा संबंध मोटारीच्या रस्त्याने जडलेला नसून तो पायवाटेचा व पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, हे एका तासात मुलांच्या ध्यानी येते. भूगोलाच्या तासाला नकाशावर त्या मार्गाचे मुक्काम खुणावून घेतल्यास अधिक बरे.

पुण्यात पोहोचल्यावर प्रारंभ कसबा पेठेपासून करणे योग्य होय. शहराची ही सर्वांत जुनी वस्ती. १६३० च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले, गाढवाचा नांगर फिरवला आणि वस्ती पुन्हा होऊ नये म्हणून भूमीत पहार ठोकली, असे सांगितले जाते. पुढे जिजाबाई बालशिवाजीस घेऊन तेथे आल्या आणि त्यांनी त्याच भूमीत सोन्याचा फाळ लावलेला नांगर धरवला, ही परंपरा सर्वश्रुत आहे. शेतकऱ्यांच्या मुलांस नांगराची ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शहराचा पुनर्जन्म नांगरटीने झाला, ही गोष्ट त्यांस चटकन उमगते. लालमहालाची जी वास्तू आज दिसते ती मात्र मूळची नव्हे. मूळ महाल कालौघात नष्ट झाला व सध्याची इमारत १९८० नंतरच्या दशकात महानगरपालिकेने बांधली. हे मुलांस स्पष्ट सांगावे. १६६३ साली शायिस्तेखानावर महाराजांनी जो छापा घातला तो याच परिसरात, एवढे सांगितले तरी त्यांचा उत्साह कमी होत नाही.

कसब्यातच तांबट आळी आहे. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके देऊन भांड्यास मठार देणारे कारागीर तेथे अद्याप काम करतात. पेशवाईत या समाजाचे कारागीर कोकणातून येऊन येथे वसले. हातोड्यांचा तो आवाज दहा मिनिटे ऐकू द्यावा आणि पत्र्याचा बंब कसा होतो ते मुलांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे. पुस्तकातील ‘हस्तव्यवसाय’ हा धडा चार तास शिकवूनही इतका समजत नाही.

शनिवारवाड्यावर फार वेळ दवडू नये. हा सल्ला काहींस रुचणार नाही. पण आत आज मुख्यत्वे तटबंदी, दरवाजे, जोती आणि हिरवळ आहे. १७३० साली पायाभरणी झाली, १७३२ साली वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळून गेल्या. वाटाड्ये मुलांस जी रक्तरंजित कथा आवर्जून सांगतात, ती सांगितल्यावाचून ते राहणार नाहीतच. शिक्षकाने तेथे पाण्याची कथा सांगावी. वाड्यातील हजारी कारंजे पाहून ‘पाणी वर कसे चढत असे?’ असा प्रश्न मुलांस विचारावा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या घाटाजवळ तलाव बांधून तेथून भूमिगत नळाने पाणी शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले. कात्रज उंचावर आणि शहर सखल, एवढ्या एका गोष्टीवर सारी योजना चालत होती. पाटाचे पाणी धरणारी मुले उताराचे हे गणित शहरातील मुलांपेक्षा लवकर सोडवतात, व सोडवल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसतो.

येथून मंडळी बुधवार पेठेकडे वळली की सहलीचा मुख्य भाग सुरू होतो. अंतर थोडे आहे. रांग धरून पायीच जावे. दगडूशेठ गणपतीच्या मंदिरासमोर भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. वाड्याची जीर्ण झालेली इमारत २०२३ च्या डिसेंबरात उतरवण्यात आली आणि त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. जुन्या भिंती नाहीत म्हणून ही जागा गाळून पुढे जाऊ नये. रहदारी पुष्कळ असते, तेव्हा मुलांस बाजूस नीट उभे करून तेथेच पाच-सात मिनिटे बोलावे.

काय बोलावे? सावित्रीबाई पुण्याच्या नव्हत्या. त्या सातारा जिल्ह्यातील नायगावच्या. १८३१ साली त्यांचा जन्म झाला; म्हणजे शाळा सुरू झाली तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. जोतीरावांचे घराणेही मूळचे खटाव तालुक्यातील कटगुणचे. शेतमळ्यात काम करणाऱ्या माणसाने आपल्या पत्नीस अक्षरे शिकवली, तिने अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि ती शिक्षिका झाली. तिच्या अंगावर शेण-माती टाकली जाई म्हणून ती एक जादा लुगडे बरोबर नेत असे, ही हकीकत मुलांस ठाऊक असतेच. तिच्यापेक्षा कमी ठाऊक असलेली एक गोष्ट तेथे सांगण्याजोगी आहे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. शाळा निघाल्यापासून सात वर्षांच्या आत ज्यांस अक्षर शिकण्याची मनाई होती त्यांतील एक मुलगी आपल्या लोकांची कैफियत स्वतः मांडू लागली. वर्गात निबंध लिहून घेणाऱ्या कोणाही शिक्षकास या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

गंज पेठेतील, म्हणजे हल्लीच्या महात्मा फुले पेठेतील, फुलेवाडा येथून फार दूर नाही. त्याच्या आवारातील पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्य मानलेल्यांस खुला करण्यात आला. शनिवारवाड्यात पाण्याची एक कथा ऐकलेल्या मुलांस ही दुसरी कथा ऐकवावी. दोन्हींचा मेळ ती आपला आपण घालतात. याच वाड्यात शिक्षकाने मुलांस नव्हे, स्वतःस एक आठवण करून द्यावी. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले त्यात निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक प्रशिक्षित असावेत व शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, प्रसंगी नांगर हाती धरण्याची त्यांस लाज वाटू नये, आणि त्यांस पोटापुरता पगार मिळावा, अशा मागण्या होत्या. गावच्या शिक्षकाविषयी इतक्या बारकाईने आणि इतक्या आस्थेने त्या काळात दुसऱ्या कोणी विचार केल्याचे उदाहरण विरळा.

विश्रामबागवाडा वाटेवर लागतो. दुसऱ्या बाजीरावाने तो बांधला. लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखे आहे. पेशवाई गेल्यावर १८२१ साली दक्षिणेच्या निधीतून येथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिचेच रूपांतर होत होत पुढे डेक्कन कॉलेज झाले. पाठशाळेचे दार थोड्यांपुरते उघडे होते. सत्तावीस वर्षांनी हाकेच्या अंतरावर दुसरे दार उघडले. तारखा फळ्यावर लिहून देण्यापेक्षा हे दोन वाडे एकापाठोपाठ पाहिल्याने काळाचा फरक मनावर अधिक ठसतो. लक्ष्मी रस्त्यावरील हुजूरपागेची मुलींची शाळा १८८४ सालची. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जेथे होती तेथे ती भरू लागली म्हणून नाव हुजूरपागा. मुलांस हे नाव फार आवडते, आणि कारण कळले म्हणजे विसरत नाहीत.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालचे आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ सालचे. येथे इमारतींपेक्षा माणसांविषयी बोलावे. फर्ग्युसनचे एक प्राचार्य गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळील टेंभूचे. शिकताना अंगावरचा एकच सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालण्याची पाळी त्यांच्यावर आली होती, ही आठवण प्रसिद्ध आहे. पदवी मिळाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी न धरता त्यांनी शिक्षकाचे काम पत्करले. गोपाळ कृष्ण गोखले हे गुहागर तालुक्यातील कोतळूकचे. त्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापला आणि १९११ साली केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. दुसऱ्या वर्षी ते फेटाळले गेले. मोफत व सक्तीचे शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क ठरवणारा कायदा देशभर अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये किती वर्षे गेली, ही वजाबाकी मुलांकडून तेथल्या तेथे तोंडी करून घ्यावी.

वेळ थोडा असेल तर इतर स्थळे सोडावीत, पण हिंगणे, म्हणजे आजचे कर्वेनगर, सोडू नये. धोंडो केशव कर्वे यांचे बालपण दापोली तालुक्यातील मुरूड या खेड्यात गेले. सहावी इयत्तेच्या परीक्षेस बसण्यासाठी ते सोबत्यांबरोबर घाट चढून साताऱ्यास गेले. शंभराहून अधिक मैलांची ही वाट त्यांनी पायी तुडवली. परीक्षेस सतरा वर्षे वयाची अट होती. अंगाने लहानखोर असलेल्या या मुलाकडे पाहून अधिकाऱ्यांस तो सतरा वर्षांचा वाटला नाही, आणि परीक्षेस न बसताच त्यास परतावे लागले. खेड्यातील मुलास ही गोष्ट सांगितली असता वर्गात जी शांतता पसरते ती पुष्कळ काही सांगून जाते. पुढे हाच मुलगा फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. १८९६ साली त्याने विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. ती झोपडी संस्थेने जपून ठेवली आहे. महाविद्यालयातील काम आटोपून कर्वे चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. १९१६ साली त्यांनी महिलांचे विद्यापीठ स्थापन केले.

इतके केल्यावर सामान्य माणूस विश्रांती घेता. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, अण्णासाहेबांनी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोहोचली नव्हती तेथे शाळा काढणे हे त्याचे काम. त्यासाठी हा वृद्ध मनुष्य घरोघर फिरून वर्गणी गोळा करीत असे. १९५८ साली त्यांस ‘भारतरत्न’ हा किताब मिळाला आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे आयुष्य पुरे करून, ते निवर्तले. महिला विद्यापीठाचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. खेड्यातील एकशिक्षकी शाळेसाठी झोळी घेऊन फिरणारे कर्वे मात्र शिक्षकांच्याही स्मरणात फारसे राहिलेले नाहीत. हे बरे नव्हे.

जेवणानंतरचा काळ राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयास द्यावा. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ दिनकर केळकरांनी देशभर हिंडून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या. त्यांत दिवे, अडकित्ते, भांडी, दौती, पेट्या, कोरीव दरवाजे असे मुख्यतः रोजच्या वापरातील जिन्नस आहेत. येथे खेड्यातील मुलांचे पारडे जड असते. समई, लामणदिवा, करंडा, गंगाळ ही नावे कित्येक मुलांच्या घरी अजून बोलली जातात. शिक्षकाने पाटी वाचून न दाखवता वस्तूचे नाव व उपयोग मुलांस विचारावा. एखादी वस्तू त्यांच्या घरच्या माळ्यावर पडलेली असते, व ती जपून ठेवण्यासारखी आहे हे त्यांस येथे प्रथम कळते.

संध्याकाळी पर्वती चढावी. १०३ पायऱ्या आहेत; मुले त्या मोजतात, आणि प्रत्येकाचा आकडा निराळा येतो. वरून सारे शहर दिसते व दिवसभर पाहिलेली ठिकाणे साधारण कोठे आली हे दाखवता येते. मुठेचे पात्र दाखवून १२ जुलै १९६१ चा दिवस सांगावा. बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पर्वतीवरील देवालय नानासाहेब पेशव्यांच्या काळचे. या देवालयात अस्पृश्य मानलेल्यांस प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. पेशव्यांचे वैभव सांगताना हे वगळणारे शिक्षक आहेत. मुलांपैकी काहींचे पणजोबा त्या काळी त्या पायऱ्यांखालीच उभे राहिले असते, याची जाणीव ठेवून बोलावे.

उजेड असेल तर वायव्येकडे, गणेशखिंडीच्या बाजूस बोट दाखवावे. तेथे गव्हर्नरचा जुना प्रासाद आहे. त्यात १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले, आणि २०१४ पासून त्या विद्यापीठास नायगावच्या सावित्रीबाईंचे नाव आहे.

परत आल्यावर ‘मी पाहिलेले पुणे’ हा निबंध लिहवून घेण्याची प्रथा आहे. ती चालू ठेवण्यास हरकत नाही. परंतु त्याआधी एक दिवस शाळेच्या कपाटातील सर्वांत जुने जनरल रजिस्टर बाहेर काढावे. त्यात पहिल्या मुलीचे नाव कोणत्या साली दाखल झाले, ज्यांस पूर्वी वर्गाबाहेर बसवीत त्या समाजातील पहिल्या मुलाचे नाव कोणत्या साली आले, त्यांनी शाळा किती वर्षांनी व कोणत्या कारणाने सोडली, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे व साल-नाव फळ्यावर लिहावे. कागद जीर्ण असतो, शाई फिकी झालेली असते आणि अक्षर मोडीच्या वळणाचे असल्यास मोठ्या मुलांसही लागत नाही. तेवढे शिक्षकाने लावून द्यावे. त्या मुलीचे पुढे काय झाले हे सांगू शकणारे एखादे वडीलधारे माणूस बहुतेक गावांत मिळते. त्याच्याकडे मुलांस दोघा-तिघांच्या गटाने पाठवावे.